पौषातली रजा, होळीतलं ऑपरेशन

मला ऑपरेशनच्या टेबलावर चढवायला चार माणसं लागली होती, उतरवायलाही चारच लागली. मधल्या वेळात ऑपरेशन मात्र झालं नव्हतं.

अंगात मागून उघडा हिरवा झगा, हातात सुई, छातीवर चिकटवलेल्या वायरी, वर तो मोठा दिवा. भूल देणारी डॉक्टरीण माझ्या डोक्याशी उभी होती, माझ्या सुनेहून लहान. ती म्हणाली, “आजी, आ करा. मोठ्ठा.” मी केला. तिनं तोंडात बॅटरी मारली आणि तिथेच थांबली. मग हातमोजा घातलेलं बोट माझ्या खालच्या हिरडीवरून फिरवलं आणि दिव्याखाली धरलं. बोट काळं झालं होतं.

“हे काय आहे?”

“मिश्री.”

“म्हणजे काय?”

“दात घासायची असते. सकाळी लावली.”

“आज सकाळी?”

“मग? घाणेरड्या दातांनी यायचं काय तुमच्यासमोर?”

तिला काही कळेना. सामान मांडणारी सिस्टर आमच्या सातारा-सांगलीकडची असावी. ती हळूच म्हणाली, “मॅडम, तंबाखू असतो तो. तव्यावर काळा होईपर्यंत भाजतात, मग पूड करतात.”

मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. ते हात धुऊन कोपर वर धरून आले. त्यांनी ते बोट बघितलं, मग मला बघितलं.

“आजी, मी तुम्हाला विचारलं होतं. तंबाखू खाता का?”

“खात नाही.”

“मग हे?”

“हे लावते. खातं कोण?”

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं, मीही दोन शब्द बोलले असते. ते शांतपणे म्हणाले की तंबाखूनं छाती भरलेली असते, भुलीत श्वास अडकतो, आणि कापलेलं पोट जुळून यायला त्रास होतो. “दीड महिना बंद. एक बोटसुद्धा नाही. मग या. उतरवा यांना.”

मी म्हटलं, “डॉक्टर, माझी रजा सुरू झालीय.”

थिएटरात कुणीतरी हसलं. मी विनोद केला नव्हता.

हे ऑपरेशन मी हौसेनं काढलं नव्हतं. या वयात बारीक होऊन मला कुणाला दाखवायचंय? आधी गुडघे गेले. लालबागला आमची खोली तिसऱ्या मजल्यावर आणि चाळीला लिफ्ट नाही. मी दिवसातून एकदा उतरायचे आणि एकदा चढायचे. चढताना दुसऱ्या मजल्यावर बसायचे, इतकी की त्या मजल्यावरच्यांनी माझ्यासाठी एक स्टूलच बाहेर ठेवलं. गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, या वजनावर नवा गुडघा बसवला तर तोही जाईल, आधी वजन उतरवा. त्यांनी पाठवलं परळच्या एका हॉस्पिटलात, वजन उतरवायला पोट कापून लहान करतात त्या डॉक्टरांकडे. त्यांनी रात्री झोपताना लावायला एक यंत्र दिलं, आणि त्यात दिसलेलं वाचून म्हणाले, “आजी, झोपेत तुमचा श्वास थांबतो. मग पुन्हा सुरू होतो. एखाद्या रात्री सुरू व्हायचा नाही.”

“मग इतके दिवस कसा झाला?”

“सवयीनं,” ते म्हणाले.

हे उत्तर मला पटलं. माझी बरीच कामं सवयीनंच होतात.

माझा मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी असतो. खर्चाचं त्याच्या कंपनीच्या विम्यातून जमलं, त्यावर जास्त लिहीत नाही. बाकी सगळं सुनेनं केलं. ती बँकेत आहे, सगळ्या गोष्टी वेळेवर करते, आणि मला सरळ बोलते. आमचं त्यामुळे बरं जमतं. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, सिगारेट, विडी, तंबाखू, दारू? मला रागच आला. मी म्हटलं, “मी चांगल्या घरातली आहे.” सूनही म्हणाली, “छे, आमच्या घरात तंबाखूला कुणी शिवत नाही.” ती खोटं बोलली नाही. माझा मिश्रीचा डबा मोरीच्या फळीवर तिच्या टूथपेस्टच्या शेजारी असायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूनं मला कुंकवाचा करंडा आणि मिश्रीची डबी एकाच दिवशी दिली होती. कुंकवाला कुणी व्यसन म्हणत नाही.

वजनाचं सांगायचं राहिलं. सुनेच्या काट्यावर मी उभी राहिले की त्यात आकडा यायचा नाही, आडव्या रेघा यायच्या. ती म्हणाली, “आई, हॉस्पिटलात जायच्या आधी आपल्याला तरी कळायला हवं.” मग मी मसाल्याच्या गल्लीत गेले. मिरची दरवर्षी एकाच दुकानातून घेते. पोती तोलायचा मोठा काटा त्याच्या दारातच असतो. दुकानदार म्हणाला, “या आजी, काय देऊ?” मी म्हटलं, “देऊ नकोस काही. मला तोल.” त्यानं मिरचीचं पोतं उतरवलं आणि मी चढले. डंकावर मसाला कुटून घ्यायला बायांची रांग होती, त्या सगळ्या बघायला लागल्या. दुकानदार वाकून काटा बघत ओरडला, “एकशे बारा! आजी, ब्याडगी की संकेश्वरी?”

“लवंगी,” मी म्हटलं. “चावून बघ.”

सगळ्या हसल्या. उतरताना एक अनोळखी बाई पुढे येऊन माझा दंड धरून हळूच म्हणाली, “मी पण चढू का हो?” तिलाही तोललं. तिचा आकडा सांगत नाही, तिनं सांगायला मना केलंय.

मी दादरला एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या करते. नवरा गेल्यापासून तिथेच आहे. मालकीण माझ्याहून बरीच लहान, पण तिला आम्ही वहिनी म्हणतो आणि ती मला मावशी म्हणते. भाज्या ती करते, पोळ्या मी. पोळ्या करणाऱ्या बाईला रजा नसते. श्रावणात उपास सोडणारे, मग गणपती, मग पितृपक्षात कावळ्यांची पानं, मग नवरात्र, दिवाळीचा फराळ, मार्गशीर्षातले गुरुवार. तुम्ही मेलात तर तुमच्या तेराव्याच्या पोळ्या कोण लाटणार, असं वहिनीच मला एकदा म्हणाली होती, आणि काळजीनं म्हणाली होती.

मी तिला सांगितलं, “वहिनी, मला रजा पाहिजे. ऑपरेशन आहे.”

“अगंबाई! कसलं?”

“पोटाचं.”

“काय झालंय पोटाला?”

“मोठं झालंय.”

तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “ते तर पहिल्यापासून होतं,” ती म्हणाली. मग मी तिला झोपेतल्या श्वासाचं सांगितलं. तिनं हात पुसले, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि पानं उलटत राहिली. शेवटी तिचं बोट पौषावर थांबलं. पौषात लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, कुणी काही शुभ करत नाही. “पौषात जा मावशी. पण बदली तुमची तुम्ही आणायची.”

बदली म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. आमचा माणूस गिरणीत होता. तिथे कामगार गावी गेला की त्याच्या मशीनवर बदलीवाला उभा राहायचा. असे बदलीवाले रोज सकाळी गेटवर येऊन थांबायचे, आज कोण आला नाही बघत. आमचा माणूस असाच बदलीवर लागला होता. ज्याच्या जागी लागला तो गावाला पेरणीला गेला, तिकडे आजारी पडला आणि रजा संपल्यावरही आला नाही. आला तेव्हा त्याचा साचा, म्हणजे कापड विणायचा माग, आमच्या माणसाचा झाला होता. त्या माणसाचं पुढे काय झालं, ते आम्ही कधी विचारलं नाही. आमचा माणूस मात्र जन्मभर सांगायचा, “बदली द्यावी, पण आपल्याहून हुशार देऊ नये. आणि रजा वाढवू नये.”

म्हणून मी नीट शोधून एक बदली आणली. वरळी कोळीवाड्याकडची, पस्तिशीची, काडीएवढी बारीक. तांदळाची भाकरी अशी थापायची की बघत राहावं. पण पोळी लाटायला घेतली की कुठला तरी देश दिसायचा. वहिनीनं पहिली पोळी उचलून उजेडात धरली. “मावशी, ही श्रीलंका आहे का?” मी म्हटलं, “शिकेल हो हळूहळू.” ती शिकू नये अशीच माझी इच्छा होती. पौषात गिऱ्हाईक कमी, तेवढ्यात भागलं असतं, आणि माझी आठवण आली असती.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे नुसतं पातळ प्यायचं होतं. त्यानं यकृत लहान होतं म्हणे, आणि डॉक्टरांना आत हात घालायला जागा होते. ताक, डाळीचं पाणी, भाज्यांचं सार आणि एक पावडर. पावडरीला चॉकलेटचा वास आणि फळ्यावरच्या खडूची चव. मी ते पिऊन तव्यासमोर उभी राहायचे आणि लोकांच्या पोळ्या भाजायचे. त्याचा त्रास झाला नाही. त्रास झाला तो फाटलेल्या पोळ्यांचा. त्या विकता येत नाहीत. इतकी वर्षं मी त्या चहात बुडवून खायचे, तेव्हा त्या कुठे गेल्या ते एकशे बारात आलंच. आता त्या बदली खायची, माझ्यासमोर, आणि तिच्या अंगाला काही लागायचं नाही.

चाळीत लपवायचा प्रश्नच नव्हता. शेजारीण मालवणची, माझ्याच वयाची, मिश्री लावायला आम्ही दुपारी गॅलरीत बरोबर बसायचो. ती म्हणाली, “गो, तू बारीक झालंस तर आमी तुका वळाखतलव कसा?”

“आवाजावरून ओळख.”

“आवाज पण बारीक झालो तर?”

हॉस्पिटलात जायच्या दिवशी तिनं माझ्या कपाळाला अंगारा लावला. वरच्या मजल्यावरून कुणी नारळ दिला. पौषात कसलं ऑपरेशन करता, असंही दोघी-तिघी म्हणाल्या. सगळ्यांनी मला निरोप दिला, अगदी शेवटचा देतात तसा. स्टूलवाल्यांनी विचारलं, “आता स्टूल आत घेऊ का?”

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी परत.

टॅक्सीतून उतरले तर शेजारीण वरून बघत होती. गॅलरीतून सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडली, “इतक्यात इलंस? कापूक इसारले काय?”

मी जिना चढले, दुसऱ्या मजल्यावर स्टुलावर बसले, उठले, पुन्हा चढले. सून मागून पिशवी घेऊन येत होती. तिनं बँकेतून रजा काढली होती आणि तिच्या साहेबांना सासूचं मोठं ऑपरेशन आहे असं सांगितलं होतं. आता दुसऱ्या दिवशी जाऊन काय सांगणार? दार लावल्यावर ती म्हणाली, “आई, ती मिश्री तंबाखूची असते हे तुम्हाला माहीत नव्हतं?”

“तंबाखूची असते हे माहीत होतं. तंबाखू आहे हे नव्हतं.”

ती हसेना. मग मोरीत गेली, डबा घेऊन आली आणि माझ्यासमोर केरात रिकामा केला. मी डबा मात्र परत मागितला, पितळेचा होता.

वहिनीकडे जाणं त्याहून कठीण होतं. मी दुकानात शिरले तेव्हा बदली माझ्या तव्यावर होती. वहिनी खूश होऊन म्हणाली, “झालं? आणि चालत आलात?”

“झालं नाही. दीड महिन्यानं करणार.”

तिनं बोटांवर हिशेब केला, मग कॅलेंडर काढलं, मग डोक्याला हात लावला. “होळी, मावशी? होळीला?”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. होळीला घराघरात पुरणपोळीचा नैवेद्य लागतो आणि आता घराघरात ती कुणी करत नाही. सगळं दादर आमच्याकडे येतं. तो एक दिवस वहिनीचं वर्ष सांभाळतो. मी म्हटलं, “होळी झाल्यावर करते. महिनाभर पुढे ढकलते.” तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या मनात काय आलं ते मला दिसलं, कारण तेच माझ्याही मनात आलं होतं. ती म्हणाली, “आणि तोवर झोपेत काही झालं तर? मग मला होळीलाही तुम्ही मिळणार नाही आणि पाडव्यालाही. डॉक्टर म्हणतील त्या दिवशी जा. पण हिला पुरणपोळी शिकवून जा.”

बदलीला शिकवायचं! आमचा माणूस असता तर त्यानं मला घरात घेतलं नसतं.

आणि हे सगळं मिश्री सोडल्यावर. ज्यांनी सोडली नाही त्यांना कळणार नाही. सकाळी पोट साफ होत नव्हतं. दुपारी डोकं ठणकायचं. हिरड्यांना काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं आणि बोट आपोआप तोंडाकडे जायचं. सुनेला कुणावर विश्वास नाही, बँकेत काम करते ना. ती रोज संध्याकाळी घरी आली की चपला काढायच्या आधी म्हणायची, “आई, आ करा.” मी आ करायचे. ती मोबाईलचा दिवा मारून बघायची. एकदा शेजारीण दारात होती. तिनं बघितलं आणि म्हणाली, “सून सासवेचे दात मोजता! कलियुग इला.” त्याच शेजारणीनं दोनदा मला आपली डबी पुढे केली होती, प्रेमानंच. “एक बोट लाव गो, कोणाक कळना नाय.” मी एकदा डबीत बोट घातलंसुद्धा. मग आठवलं की त्या झग्यात, त्या दिव्याखाली, पुन्हा चार माणसांना मला उतरवावं लागेल. बोट लुगड्याला पुसलं. शेजारणीला म्हटलं, “तू गॅलरीच्या त्या टोकाला बसत जा.” ती रुसली, पण बसायला लागली. आठवड्यानं तिचा निरोप आला की लांबून बोलून घसा दुखतो, तेव्हा तीही दुपारची लावणं बंद करते आहे, सकाळची सोडणार नाही.

या सगळ्याचा राग मी बदलीवर काढला. तिला कणीक तिंबायला लावली. पुरण आणि कणीक सारखी मऊ पाहिजे. एक घट्ट आणि एक सैल असलं की पोळी लाटताना फुटते, हे तिला मी कितीदा सांगितलं असेल. तिच्या हातून फुटायचीच. पुरण तव्यावर सांडून जळायचं आणि सगळं दुकान धुरानं भरायचं.

“हात आहेत की वल्ही?” मी म्हणायचे.

“वल्हीच आहेत मावशी,” ती म्हणायची. “बाप होडीवर होता.”

रागावता येत नाही अशा माणसावर. एकदा मी विचारलं, “तुला हे काम कायमचं हवंय का गं?” सरळच विचारलं. ती लाटता लाटता म्हणाली, “मला कुठलंही काम कायमचं हवंय.” मग लाटणं ठेवून म्हणाली, “तुम्ही मेलात तर मी तुमची जागा घेईन मावशी. जगलात तर नाही.” मला हे ऐकून बरं वाटलं. इतकं स्वच्छ मला डॉक्टरही बोलले नव्हते. त्या दिवसापासून मी तिला नीट शिकवायला लागले. कणकेत तेल किती, पुरणाचा गोळा किती मोठा, लाटणं कडेनं फिरवायचं, मधे दाबायचं नाही. सगळं दिलं. वाटलं, मेले तर हिच्या पोळ्या फाटून लोक मला शिव्या तरी देणार नाहीत.

पुन्हा पावडर, पुन्हा ताक. नेमकी होळीच्या आदल्या दिवसाची तारीख मिळाली. या वेळी चाळीत कुणी निरोप दिला नाही. शेजारीण म्हणाली, “जा, संध्याकाळी येशीलच.” भूल देणारी तीच डॉक्टरीण. तिनं बॅटरी मारून सगळं तोंड कानाकोपऱ्यासकट तपासलं, बोट फिरवलं, बोट बघितलं. “आज काय लावलंत आजी?” मी म्हटलं, “काही नाही. थुंकीसुद्धा जपून गिळलीय.” मग तिनं नाकातोंडावर मास्क धरला आणि मोठा श्वास घ्या म्हणाली.

पुढचं मला आठवत नाही, सुनेनं सांगितलंय तेवढं लिहिते. ऑपरेशन ठीक झालं. पण शुद्धीवर आणताना माझा श्वास नीट येईना. नळी काढली आणि पुन्हा घालावी लागली. मला रात्रभर आयसीयूत मशीनवर ठेवलं. सून बाहेरच्या बाकावर बसून होती. मोठे डॉक्टर बाहेर आले तेव्हा तिनं विचारलं, “त्या दिवशी केलं असतं तर?” डॉक्टर म्हणाले, “त्या दिवशीची छाती असती तर या मशीनवरून त्या सुटल्याच नसत्या.” एवढंच म्हणाले आणि गेले. सून हे मला पुष्कळ दिवसांनी सांगत होती, आणि सांगताना चिडलेली होती, माझ्यावरच. “एका काळ्या बोटानं वाचलात,” म्हणाली. मी म्हटलं, “आणि त्याच बोटानं मरणार होते.” ती उठून भांडी घासायला गेली.

होळीच्या दिवशी सकाळी नळी निघाली. मी स्वतःचा श्वास घ्यायला लागले. घसा सोलल्यासारखा झाला होता. सुनेला दोन मिनिटं आत सोडलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला, वहिनीचा. फोनमधून बायांचा आणि भांड्यांचा कालवा मलासुद्धा ऐकू येत होता.

“लवकर बोल गं, दारात रांग लागलीय. मावशी?”

“मशीन काढलं. पाणी मागतायत.”

“देऊ नकोस!” वहिनी ओरडली, जसं काही हॉस्पिटल तीच चालवते. मग तोंड फिरवून तिकडे ओरडली, “अगं, मावशी आहेत!”

लांबून बदलीचा आवाज आला. “आहेत ना? मग विचारा, पोळी तव्याला चिकटायला लागली तर काय करू?”

सुनेनं माझ्याकडे बघितलं. मला बोलायची मनाई होती. मी बोलले. “तवा पूस म्हणावं. जळलेलं पुरण आहे खाली.”

सिस्टर धावत आली आणि सुनेला बाहेर काढलं.

त्या होळीला वहिनीची काही गिऱ्हाइकं तुटली. काहींना फुटक्या पोळ्या गेल्या, एका बाईनं डबा परत आणून ओट्यावर आपटला. पण पुढच्या वर्षी तीच बाई पुन्हा आली. मी दोन महिन्यांनी कामावर गेले, तोवर बदली गोल लाटायला लागली होती. वहिनीनं तिला काढलं नाही आणि मलाही काढलं नाही. आता आम्ही दोघी समोरासमोर दोन तव्यांवर असतो. मी स्टुलावर बसून लाटते, गुडघ्याचं अजून व्हायचंय. वजन बरंच उतरलं आहे, तरी मसाल्याच्या गल्लीतला तो दुकानदार मला बघितलं की पोतं उतरवायला लागतो.

चाळीत अजून लोक विचारतात, त्या होळीला नेमकं काय झालं. पोळ्या फाटल्या. मालकीण तरली. बदली राहिली. मी जगले.